आपत्तीतील सामाजिक जाळे : किल्लारी भूकंप

भूकंप, पूर, दुष्काळ किंवा युद्धासारख्या संकटात माणसाला तगवणारे आणि नंतर पुन्हा उभे करणारे नातेसंबंध म्हणजे सामाजिक जाळे. भावकी, सोयरे, शेजारी, बचत गटातल्या बायका, तालुक्याच्या कचेरीत ओळख असलेली माणसे, हे सारे त्यात येतात. अभ्यासक याला सामाजिक भांडवल म्हणतात आणि त्याचे तीन पदर मानतात : आपल्या माणसांशी घट्ट नाते, परक्या गटांशी संबंध आणि सत्तेपर्यंत पोच. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ डॅनियल ऑल्ड्रिच यांनी जपानमधला १९९५ चा कोबे भूकंप आणि २००४ ची त्सुनामी यांसारख्या आपत्तींचा अभ्यास करून हे जाळे वस्ती सावरण्याचा वेग ठरवते, असे मांडले. महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण किल्लारीचे आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची वजनदार माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. किल्लारी, सास्तूर यांसारखी गावे जमीनदोस्त झाली. मृतांचा आकडा ८ ते १० हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. लष्कर आणि सरकारी पथके पोचेपर्यंतचे तास वाचलेल्या गावकऱ्यांच्या हातांवर गेले. कोणत्या घरात किती माणसे, म्हातारी कुठल्या खोलीत निजते, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून अशा वेळी कुठे उकरायचे हे तोच सांगू शकतो. कोबेतही ढिगाऱ्यातून वाचवलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले होते.

मदत गावाबाहेरूनही आली. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले.

पुनर्वसनात मात्र हेच जाळे विस्कटले. जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घराचे आकारमान कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले : भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्यांच्यावरच्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. एका आकाराची घरे एकत्र बांधल्याने अनेक ठिकाणी भावकी पांगली. चिंचोळ्या गल्ल्यांच्या जागी रुंद, सरळ रस्ते आले. भूकंपाला टिकणारे घर मिळाले ही गोष्ट मोठीच. पण म्हाताऱ्या माणसांना हाकेच्या अंतरावरचा शेजार गमवावा लागला आणि ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेली नव्हती.

ज्या शेकडो गावांत घरे पडली नाहीत पण तडकली, तिथे काम वेगळ्या वाटेने गेले. दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकानेच करायचे होते, पैसे सरकार देणार होते. सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना. दगडी घराची धास्ती गेली नव्हती आणि अनेकांना नवे गावच हवे होते. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. हप्ता कधी मिळतो, भिंतीत दगड कसे सांधायचे, अभियंत्याला काय विचारायचे, हे त्या घरोघरी समजावू लागल्या. एरवी चावडीवर न येणारी बाई अधिकाऱ्यांच्या बैठकीत हिशेब मागू लागली, हा या कार्यक्रमाचा सर्वांत टिकाऊ परिणाम म्हणावा लागेल. पुढे याच ओळखींमधून बचत गट आणि लहान व्यवसाय वाढले.

२००१ च्या गुजरात भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छमध्ये गेल्या आणि तिथल्या बायकांना आपले अनुभव सांगितले. त्सुनामीनंतर तमिळनाडूतही त्या पोचल्या.

सामाजिक जाळे सर्वांना सारखे सामावून घेत नाही, हे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर उघड दिसले. मच्छीमारांच्या जात-पंचायतींनी मदतीचे वाटप झपाट्याने केले. परंतु पंचायतीच्या यादीत नसलेले दलित मजूर आणि घरात कर्ता पुरुष नसलेल्या विधवा अनेक ठिकाणी वगळल्या गेल्या. त्यामुळे मदत केवळ गावच्या पुढाऱ्यांमार्फत वाटणे पुरेसे ठरत नाही. यादीबाहेर कोण राहिले, हे वेगळे तपासावे लागते.