चाळीस-पंधराची ठसठस: टेनिसचा अंतिम सामना आणि चाहत्याचा मेंदू

रॉजर फेडररच्या चाहत्यांसमोर 'चाळीस-पंधरा' एवढे दोन शब्द उच्चारले, की पुढे काही सांगावे लागत नाही. १४ जुलै २०१९ रोजी विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यात, पाचव्या सेटमध्ये ८-७ अशी आघाडी असताना आणि सर्व्हिस स्वतःच्या हातात असताना, फेडररने ४०-१५ पर्यंत मजल मारली होती. विजेतेपदासाठी त्याला दोन संधी होत्या आणि त्यांपैकी एक साधणे पुरेसे होते. पहिल्या संधीला त्याचा फोरहँड रेषेबाहेर गेला. दुसऱ्या संधीला तो जाळ्याकडे धावला असताना नोवाक जोकोविचने त्याच्या बाजूने तिरका फटका काढला. तो गेम गेला, सेट १२-१२ पर्यंत लांबला, आणि ४ तास ५७ मिनिटांनंतर ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२ असा जोकोविच जिंकला. त्याच दिवशी त्याच शहरात लॉर्ड्सवर क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना सुपर ओव्हरपर्यंत गेला होता, त्यामुळे आपल्याकडे अनेक घरांत त्या संध्याकाळी रिमोटला विश्रांती नव्हती.

अशा सामन्यांनंतर प्रेक्षकांचे रडणे, ओरडणे, सुन्न होऊन बसणे यांचे एक ठरावीक स्पष्टीकरण वाचायला मिळते: मेंदूत डोपामिन नावाचे 'आनंदाचे रसायन' स्रवते, जिंकल्यावर त्याचा पूर येतो आणि हरल्यावर ते आटते. हे स्पष्टीकरण सोपे आहे, लोकप्रिय आहे आणि मुळातच चुकीचे आहे. डोपामिनच्या चेतापेशी आनंद मोजत नाहीत. त्या काय मोजतात, हे समजले तर २०१९ चा तो पराभव सरळ तीन सेटमधल्या पराभवापेक्षा इतका अधिक का बोचला, हेही कळते. विज्ञानातील ज्या थोड्या कल्पना मला मनापासून सुंदर वाटतात, त्यांपैकी ही एक आहे, म्हणून तिच्यासाठी जरा जास्त जागा घेतो.

आधी थोडे गणित. सर्व्हिस करणारा खेळाडू १०० पैकी ६५ गुण जिंकतो असे धरू. चांगल्या पुरुष खेळाडूंच्या बाबतीत हा अंदाज वाजवी आहे. प्रत्येक गुण आधीच्या गुणापासून स्वतंत्र आहे आणि ८-८ झाल्यास दोघांची संधी समसमान आहे, असेही मानू. मग ८-७ आणि ४०-१५ या क्षणी फेडरर सामना जिंकण्याची शक्यता शाळेतल्या संभाव्यतेच्या नियमांनी काढता येते. पहिलाच गुण जिंकण्याची शक्यता ०.६५. तो हरून दुसरा जिंकण्याची ०.३५ गुणिले ०.६५. दोन्ही हरून ड्यूस, म्हणजे ४०-४० अशी बरोबरी झाली, तर तिथून गेम जिंकण्याची शक्यता सुमारे ७७.५ टक्के. या साऱ्यांची बेरीज करून, गेम गेला तरी उरणारी निम्मी संधी तिच्यात मिळवली, की उत्तर येते ९८.६ टक्के.

आता त्या गेममधले पुढचे टप्पे पाहा. ४०-३० झाल्यावर ही शक्यता ९६ टक्के होते, ड्यूसवर जवळपास ८९, जोकोविचकडे ॲडव्हान्टेज, म्हणजे ड्यूसनंतरची एका गुणाची आघाडी, गेल्यावर ७५ आणि सर्व्हिस भेदली गेल्यावर, म्हणजे तो गेम हरल्यावर, ५०. म्हणजे पहिला गमावलेला गुण केवळ अडीच टक्क्यांचा होता, दुसरा सात टक्क्यांचा, तिसरा साडेतेरा टक्क्यांचा आणि चौथा तब्बल २५ टक्क्यांचा. 'एखादा गुण जिंकला तर काय आणि हरला तर काय' यांतल्या फरकाला गुणाचे महत्त्व मानावे, असे कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच सुचवले होते. त्या मापाने ४०-१५ वरचा चॅम्पियनशिप पॉइंट हा त्या गेममधला सर्वांत कमी मोलाचा गुण ठरतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या ॲडव्हान्टेजवरचा गुण त्याच्या जवळजवळ दहापट मोलाचा! चाहत्यांच्या आठवणीत मात्र नेमका उलटा क्रम कोरला गेला आहे. फोरहँड बाहेर गेलेला तो चेंडू सर्वांना आठवतो. सर्व्हिस प्रत्यक्षात गमावली तो चौथा गुण कसा गेला, हे फार थोडे लोक सांगू शकतील.

या कोड्याची किल्ली, योगायोगाने, फेडररच्याच देशात सापडली होती. स्वित्झर्लंडमधील फ्रिबोर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मध्यमेंदूतील डोपामिन-चेतापेशींचे संदेश एकेका पेशीला अतिसूक्ष्म तार लावून नोंदवत होते. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोरात स्फुरत, म्हणजे भराभर विद्युत-संदेश सोडत. इथपर्यंत 'आनंदाचे रसायन' या समजुतीशी काही विरोध नव्हता. पुढे रसाआधी ठरावीक वेळ एक खूण, म्हणजे दिवा किंवा आवाज, देण्यात येऊ लागली. काही फेऱ्यांनंतर माकडाला खुणेचा अर्थ कळला आणि पेशी खुणेलाच स्फुरू लागल्या. प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हा त्या शांत राहिल्या. रस तोच, त्याची गोडी तीच, पण पेशींना त्यात नवे काही उरले नव्हते. आणि खूण देऊनही रस दिला नाही, तर ज्या क्षणी रस यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशींचे नेहमीचे मंद स्फुरणही थांबले. बाहेर काहीही घडलेले नसताना पेशींनी 'अपेक्षित होते ते आले नाही' अशी नोंद केली.

१९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग यांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचा अर्थ मांडला: या पेशी बक्षीस मोजत नसून अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतील तफावत मोजतात. दिवाळीला वीस हजारांचा बोनस गृहीत धरलेल्या माणसाच्या हाती पंधरा हजार आले तर तो खट्टू होतो आणि काहीच अपेक्षा नसलेल्याला दोन हजार मिळाले तर तो खूश होतो, तसे.

पण खरे सौंदर्य याच्या पुढच्या पायरीत आहे. टेनिसमध्ये बक्षीस, म्हणजे विजेतेपद, अगदी शेवटच्या गुणानंतर मिळते. मग तिसऱ्या सेटमधल्या एखाद्या फटक्यावर पंधरा हजार माणसे उठून का ओरडतात? त्या क्षणी तर कोणाला काहीच मिळालेले नसते. याचे उत्तर रिचर्ड सटन आणि अँड्रू बार्टो यांनी यंत्रांना शिकवण्यासाठी विकसित केलेल्या, आणि आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पायाशी असलेल्या, गणितात आहे. त्यानुसार प्रत्येक क्षणाची तफावत म्हणजे हाती आलेले बक्षीस, अधिक आताची नवी अपेक्षा, वजा मघाची अपेक्षा. पहिले पद शून्य असले तरी उरलेली दोन पदे समान नसतील, तर तफावत शून्य राहत नाही. अपेक्षेतील बदल हीच मेंदूच्या दृष्टीने एक घटना असते. शेवटचा गुण होईपर्यंतची प्रत्येक आरोळी आणि प्रत्येक उसासा हे या अपेक्षेच्या आलेखाच्या चढउताराचे प्रतिसाद आहेत. या समीकरणाचा आणखी एक परिणाम असा, की सामन्यातील साऱ्या तफावतींची बेरीज केली तर मधल्या अपेक्षा एकमेकींना छेदून जातात आणि केवळ शेवटची स्थिती वजा सुरुवातीची अपेक्षा एवढेच उरते. वाटेत कितीही हिंदोळे बसले तरी बेरीज तीच.

यात एक जैविक अडचण आहे. डोपामिन-पेशी शांत अवस्थेत सेकंदाला साधारण पाच वेळा स्फुरतात. सुखद आश्चर्याने हा वेग कित्येक पट वाढू शकतो. अपेक्षाभंगाने मात्र तो शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. मग मोठी आणि छोटी निराशा या पेशी वेगळ्या कशा नोंदवतात? हॅना बेयर, ब्रायन लाऊ आणि पॉल ग्लिमचर यांनी २००७ मध्ये दाखवले, की निराशेचे मोठेपण स्फुरणाच्या वेगात नव्हे, तर ते किती वेळ थांबते यात दडलेले असते. आनंदाश्चर्य उंचीने लिहिले जाते, निराशा लांबीने.

म्हणून 'डोपामिन उपवास', 'डोपामिन वाढवणारा आहार' असल्या प्रचाराकडे वाचकांनी साफ दुर्लक्ष करावे, असे मी आग्रहाने सांगेन. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतील डोपामिन जवळजवळ नाहीसे केले, तरी साखरेची चव लागताच त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारी पसंतीची चिन्हे कायम राहिली. आवडण्याची क्षमता डोपामिनवर अवलंबून नव्हती. जी गोष्ट आनंदाचे माप नाही, तिचा उपवास करून आनंद साठवता येईल, ही कल्पना विज्ञानाच्या नावावर खपवलेली भोंदूगिरी आहे.

माकडाच्या पेशीपासून प्रेक्षकाच्या अश्रूंपर्यंत थेट उडी मारता येत नाही, हे खरे. पण मधले काही दुवे भक्कम आहेत. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजचे रॉब रटलेज आणि सहकारी यांनी २०१४ मध्ये छोट्या जुगारी खेळांदरम्यान माणसांना 'या क्षणी तुम्ही किती आनंदी आहात' असे वारंवार विचारले. मोबाइलवरून त्यात १८,४२० लोकांनी भाग घेतला. आनंद एकूण कमाईवर नव्हे, तर अपेक्षेपेक्षा किती बरे घडले यावर ठरत होता. दुसरा दुवा अस्वस्थ करणारा आहे. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल यांनी अमेरिकन फुटबॉलचे सामने आणि पोलिसांकडील नोंदी ताडून पाहिल्या. जिंकेल असे सर्वांनी गृहीत धरलेला स्थानिक संघ हरला, की पुरुषांनी पत्नी वा जोडीदारावर घरात केलेल्या हिंसेत सुमारे १० टक्के वाढ दिसली. अटीतटीची अपेक्षा असलेल्या सामन्यातील पराभवानंतर तशी वाढ दिसली नाही. पराभव दोन्हीकडे होता, फरक अपेक्षेत होता. अपेक्षाभंग हे हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही, पण त्याचा भार किती असतो, हे या आकड्यांतून कळते.

आता ४०-१५ कडे परत जाऊ. गणित म्हणते, तो गुण फक्त अडीच टक्क्यांचा होता. पण ते गणित कागदावरचे आहे. माझ्या मते चाहत्याच्या मनातील अपेक्षा त्या क्षणी ९८.६ वर थांबलेली नव्हती. तिने १०० गाठले होते आणि विजयाचा आनंद अनेकांनी आगाऊ उपभोगायला सुरुवात केली होती. माकडाच्या बाबतीत पेशी रसाऐवजी खुणेला स्फुरू लागल्या होत्या; इथे ४०-१५ ही पाटीच ती खूण ठरली. पुढचे गुण कितीही मोलाचे असोत, अपेक्षेच्या आलेखाचे शिखर तिथे होते, आणि 'जर तर'चा विचार करणारे मन नेहमी शिखरापासून मोजणी सुरू करते. त्या सामन्यात फेडररने एकूण २१८ गुण जिंकले आणि जोकोविचने २०४, याचा दाखला देऊन 'अन्याय झाला' असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. टेनिसमध्ये गुणांची बेरीज मोजली जात नाही. सेट ६-१ ने जिंकला काय किंवा टायब्रेकवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमवर, जिंकला काय, तो एकच सेट. तिन्ही टायब्रेक जोकोविचने जिंकले, यात अन्याय कुठेच नाही.

याच यंत्रणेतून चाहत्यांच्या अंधश्रद्धाही उगवतात. आपल्या घरांत सामना रंगात असताना 'जागचा उठू नकोस', 'तू आलास आणि तो हरायला लागला' अशी वाक्ये ऐकू येतात आणि एखाद्या बिचाऱ्याला पनवती ठरवले जाते. तफावत जाणवली, की तिच्या अगदी आधी काय घडले होते, ते मेंदू शोधतो आणि श्रेय किंवा दोष त्याला चिकटवतो. बी. एफ. स्किनर यांनी १९४८ मध्ये कबुतरांना त्यांच्या वागण्याशी काहीही संबंध न ठेवता ठरावीक अंतराने दाणे दिले. आठपैकी सहा कबुतरांत गोल फिरणे, मान झटकणे अशा ठसठशीत लकबी निर्माण झाल्या, जणू त्यामुळेच दाणा येत होता. या प्रयोगाच्या अर्थाविषयी पुढे मतभेद झाले आहेत. पण हजारो मैलांवरच्या कोचावर कोण बसले आहे, याचा चेंडूच्या मार्गाशी संबंध नाही, याबद्दल मतभेदाला जागा नाही, आणि त्यावरून घरातल्या कुणाला दुखावणे तर अजिबात योग्य नाही.

सहा वर्षांनी, ८ जून २०२५ रोजी, पॅरिसमध्ये हेच नाट्य पुन्हा घडले. फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात यानिक सिनर दोन सेट जिंकून एक हरला होता आणि चौथ्या सेटमध्ये ५-३ ने पुढे होता. सर्व्हिस कार्लोस अल्काराझची आणि गुणफलक ०-४०. वरच्याच पद्धतीने हिशेब केला, तर सिनर जिंकण्याची शक्यता ९९ टक्के येते. अल्काराझने तिन्ही संधी हाणून पाडल्या आणि ५ तास २९ मिनिटांनी सामना जिंकला. एकूण गुण सिनरचे १९३ आणि अल्काराझचे १९२. समीकरणाप्रमाणे त्या क्षणापासून अखेरपर्यंत सिनरच्या चाहत्यांच्या अपेक्षेची घसरण आणि अल्काराझच्या चाहत्यांच्या अपेक्षेची वाढ गुणागणिक तंतोतंत सारखी होती. चेतापेशींच्या हिशेबात मात्र ती सारखी नोंदवली जात नाही, कारण एका बाजूला स्फुरणाचा वेग वाढायला वाव असतो आणि दुसऱ्या बाजूला पेशींना फक्त अधिक वेळ थांबता येते.