यंत्राचा नाद आणि खान्देशी कान : एक पार्श्वभूमी

खान्देशात इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे वरातीतली डीजेची गाडी उभी राहते, आणि पर्यायी, म्हणजे बाजारी चाकोरीबाहेरचे, संगीत म्हटले की पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतील इंग्रजी गाणी. या दोन्ही प्रकारांचा अनेक वर्षांचा श्रोता म्हणून माझे मत असे आहे की, चाल आणि शब्द या दोनच कसोट्यांवर हे संगीत पारखू गेल्यास ते हाती लागत नाही. नादाचा पोत आणि पुनरावृत्ती हा त्याचा खरा विषय आहे, आणि या दोन्ही गोष्टी ऐकण्याची सवय खान्देशाला जुनी आहे.

अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीत रात्रभर ढोल वाजत असतात, आणि कमरेला भोपळे व घुंगरू बांधलेले नाचणारे त्या एकाच ठेक्यावर पहाटेपर्यंत पायांनी ताल धरून असतात. तेथे ठेका बदलत नाही म्हणून कोणी कंटाळत नाही. उलट तो न बदलल्यामुळेच त्यातील बारीक फरक ऐकू येऊ लागतात. वही गायन या खान्देशी लोकगायनात एकाने ओळ टाकायची आणि साथीदारांनी डफावर ती पुन्हा पुन्हा उचलायची, ही रीतही त्याच जातीची आहे.

यंत्राच्या नादाचा इतिहास मात्र युरोपातील नभोवाणी केंद्रांत सुरू होतो. पिएर शेफर या फ्रेंच अभियंत्याने 1948 मध्ये पॅरिसच्या नभोवाणीत आगगाड्यांचे ध्वनिमुद्रित आवाज तोडून, जोडून आणि पुन्हा पुन्हा वाजवून एक रचना केली, आणि वाद्याशिवायही संगीत घडू शकते हे दाखवून दिले. भुसावळसारख्या जंक्शनच्या परिसरात वाढलेल्या माणसाला ही कल्पना फारशी विचित्र वाटू नये. 1951 मध्ये जर्मनीतील कोलोनच्या नभोवाणीने स्वतंत्र स्टुडिओ उभारला. तेथे जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांनी मुद्रित आवाजांऐवजी विद्युत्‌निर्मित शुद्ध स्वरांपासून रचना केल्या. पुढे 1964 मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी आपला सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर निर्माण करणारे वाद्य, लोकांपुढे आणला, आणि प्रयोगशाळेतील हे तंत्र हळूहळू वादकाच्या हाती आले.

हे सारे परदेशातच घडले, असे समजण्याचे कारण नाही. भुसावळ-सुरत लोहमार्गामुळे खान्देशाला जवळच्या असलेल्या अहमदाबादेत, राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, 1969 मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग यंत्रणेसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. त्यामागे गीता साराभाई यांचा पुढाकार होता. त्यांनी 1946 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली होती आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत समजून घेतले होते. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा या भारतीयांनी त्या स्टुडिओत रचना केल्या. काही वर्षांतच तो बंद पडला आणि ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्यावर 2023 मध्ये निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. त्या ऐकताना मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की या संगीतकारांनी यंत्राकडून सतार किंवा बासरीची नक्कल करून घेतली नाही. यंत्राचा स्वतःचा आवाज कसा आहे, हेच त्यांनी शोधले.

दुसरा टप्पा मुंबईचा आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये दहा रागांची डिस्को ठेक्यावरील ध्वनिमुद्रिका काढली. त्यासाठी त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली: ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 हे तालयंत्र आणि टीबी-303 हे खर्जाच्या स्वरांचे यंत्र. त्यांतील 303 बास गिटारच्या जागी साथ करण्यासाठी बनवले होते. ते काम त्याला नीट जमले नाही, आणि उत्पादन बंद पडल्यावर ते जुन्या बाजारात स्वस्तात विकले जाऊ लागले. शिकागोतील तरुणांनी तेच स्वस्त यंत्र घेऊन त्याच्या फिरत्या कळा पिरगाळल्या, आणि 1987 मध्ये फ्यूचर या गटाच्या मुद्रिकेतून ‘अ‍ॅसिड हाउस’ ही नृत्यसंगीताची शैली प्रस्थापित झाली. सिंग यांची मुद्रिका 2010 मध्ये पुन्हा निघाली तेव्हा त्यांनाच या शैलीचे जनक म्हटले गेले. मला हे पटत नाही. त्यांची मुद्रिका त्या काळी फारशी खपली नव्हती, आणि शिकागोच्या मुलांनी ती ऐकून काही केल्याचा पुरावा नाही. त्यांचे श्रेय वेगळे आणि माझ्या दृष्टीने अधिक मोठे आहे: 303 मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी सोय होती, तिच्यात त्यांना मींड दिसली. ललत आणि बैरागी ऐकताना हे स्पष्ट जाणवते.

ड्युसेलडॉर्फचा क्राफ्टवेर्क हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा गट, त्यांच्यापासून प्रेरणा घेणारे डेट्रॉइटचे हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे ‘टेक्नो’ या नृत्यसंगीताचे प्रवर्तक, हा इतिहास बराच परिचित आहे. पर्यायी संगीताची वाट वेगळी होती. सत्तरीच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत लहान कंपन्या आणि महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रे यांच्या आधाराने ते वाढले, आणि 1991 मध्ये निर्वाणा या गटाच्या यशामुळे मुख्य बाजारात आले. या दोन वाटांची सर्वांत फलदायी भेट मला रेडिओहेड या ब्रिटिश गटाच्या 2000 सालच्या ‘किड ए’ या मुद्रिकेमध्ये दिसते. गिटारवर नाव कमावलेल्या गटाने तीच गिटार मागे सारली, 1928 च्या ओंद मार्तेनो या विद्युत्‌वाद्याला जागा दिली आणि अमेरिकन संगीतकार पॉल लान्स्की यांच्या 1973 मधील संगणकीय रचनेचा तुकडा एका गाण्याचा पाया केला.

खान्देशात यंत्र आले ते मात्र लग्नाच्या मांडवातून. ज्याला आपण बेंजो म्हणतो ते वाद्य 1912 मध्ये जपानमधील नागोया येथे तयार झालेल्या तायशोगोतोचे भारतीय रूप. त्याला पिकअप (तारांचा नाद विजेच्या संकेतात बदलणारे साधन) लावून कर्णा जोडला आणि बेंजो पार्टी उभी राहिली. मग कॅसिओ आला, ऑक्टोपॅड आला. गायनाच्या वर्गांत इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला तेव्हा कोणी हरकत घेतली नाही, हे यंत्रसंगीताला निर्जीव म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. डीजेविषयीची तक्रार वेगळी आणि रास्त आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत ध्वनिक्षेपकांवर निर्बंध घातले ते योग्यच झाले. पण ती तक्रार आवाजाच्या पातळीची आहे, संगीताच्या जातीची नाही. बाहेरचे संगीत येथे आधी केबलवर, मग मोबाइलच्या दुकानांत भरून मिळणाऱ्या मेमरी कार्डांवर, आणि 2016 नंतर स्वस्त इंटरनेटमुळे सर्रास पोहोचले. आज अहिराणी गाणी घरच्या संगणकावर तयार होतात आणि लाखो लोक ती ऐकतात, याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांपैकी बहुतेकांत तेच ते तयार ठेके ऐकू येतात, ही माझी मुख्य तक्रार आहे. सातपुड्यातला ढोल आणि भोपळ्याच्या पावरी या फुंकवाद्याचा सलग घुमणारा नाद एका माइकवर मुद्रित करून त्याच संगणकात घेता येतो; त्यासाठी लागणारे सारे साहित्य या गाण्यांच्या निर्मात्यांकडे आजच आहे.