मिंबरवरून कोर्टात: अरबी वक्तृत्व कसं बदललं?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोत जाहीर बोलण्याची नेमाची जागा म्हणजे मशिदीतला मिंबर, म्हणजे प्रवचनासाठीचा उंच चौथरा. शुक्रवारच्या खुतब्याची, म्हणजे नमाजाच्या वेळच्या प्रवचनाची, चौकट ठरलेली: उभं राहून पहिला भाग, मध्ये क्षणभर बसणं, मग दुसरा भाग. आधी ईश्वरस्तुती आणि दरूद (प्रेषितांसाठीची प्रार्थना), नंतर ‘अम्मा बाद’ (‘तर आता’) म्हणून विषयाला हात. दहाव्या शतकातल्या इब्न नुबाताचे खुतबे शतकानुशतकं नमुना मानले गेले. त्यांत वाक्यखंडांच्या शेवटी यमक असे. या गद्याला सजअ म्हणतात. कानाला गोड, पण वादात अडचणीचं: यमक साधायला तीच गोष्ट दोनदा सांगावी लागते.

पाश्चात्त्य प्रभाव म्हटला की शैलीची नक्कल डोळ्यांपुढे येते. खरं तर आधी बदलली ती बोलण्याची जागा. 1847 मध्ये बैरूतला अमेरिकन मिशनरी आणि स्थानिक विद्वानांनी मिळून एक मंडळ काढलं. तिथे 1849 मध्ये तिथलेच विद्वान बुत्रुस अल-बुस्तानी स्त्रीशिक्षणावर बोलले. 1866 मध्ये इजिप्तमध्ये प्रतिनिधी सभा आली आणि 1883 मध्ये फ्रेंच कायद्याच्या धर्तीवरची राष्ट्रीय न्यायालयं. आमच्या मते सगळ्यात खोल परिणाम या कोर्टांचा. वकिलाला घटना क्रमाने मांडायची, कलम लावायचं, समोरच्याचा मुद्दा खोडायचा. तिथे यमक काय कामाचं? पुढे इजिप्तमधल्या 1919 च्या ब्रिटिशविरोधी आंदोलनाचे नेते झालेले साद जगलूल याच कोर्टांत वकिली करत होते.

वक्तृत्वशास्त्र मात्र अरबांना नवं नव्हतं. अॅरिस्टॉटलचा त्या विषयावरचा ग्रंथ अरबीत केव्हाच आला होता आणि बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ इब्न रुश्द याने त्यावर भाष्यही लिहिलं होतं.

फ्रान्समधल्या तूलूझला कायदा शिकलेले इजिप्तचे राष्ट्रवादी नेते मुस्तफा कामिल थेट नाट्यगृहात सभा घेत. 22 ऑक्टोबर 1907 ला अलेक्झांड्रियात त्यांनी केलेल्या भाषणातली ‘बिलादी, बिलादी’ (माझ्या देशा, माझ्या देशा) ही हाक पुढे इजिप्तच्या राष्ट्रगीतात आली. यमक ओसरलं तरी पुनरुक्ती टिकली, ती अशी. फक्त आता ती मोक्याच्या जागी येऊ लागली.

फजिती होई ती व्याकरणात. प्रमाण अरबीत शब्दाच्या शेवटचा स्वर विभक्ती दाखवतो, आणि घरच्या बोलीत तो नसतोच. त्यामुळे कागदाशिवाय बोलताना हमखास चूक होते. यावर अरबीत तोडगाही आहे: ‘सक्किन, तस्लम’, म्हणजे शेवटचा स्वर गाळ आणि सुटका करून घे. विरामाच्या शब्दावर हे नियमातच बसतं. वाक्य लांबलं की मात्र मधल्या शब्दांवर थांबता येत नाही आणि चूक उघडी पडते. बिनकागदाने बोलणाऱ्याला आखूड वाक्यं सोयीची, ती यामुळेही.