बीसीजी घेतलेल्या पेशंटपासून घरच्यांना टीबी होतो का?

लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरला बीसीजी देतात म्हटलं की कोणीतरी सांगतंच, अहो ती टीबीची लस, पेशंटचं ताटवाटी वेगळं ठेवा. तसं काही नाहीये. लस तीच पण जंतू जिवंत असले तरी कमजोर केलेले, कॅथेटरने (बारीक नळीने) थेट पिशवीत सोडतात, साधारण 2 तास धरून ठेवायचं, आठवड्यातून एकदा असं 6 आठवडे, आणि 1976 पासून हा उपचार माहितीये. एकत्र जेवल्याने, शेजारी झोपल्याने काही पसरत नाही. जपायचं ते लघवीला, प्रत्येक डोसनंतर पहिले 6 तास बसूनच करा, कमोडमध्ये ब्लीच टाकून 15 मिनिटांनी फ्लश करा. पेशंटला मात्र क्वचित इन्फेक्शन होऊ शकतं, त्यामुळे जास्त ताप आला, उतरेना, तर लगेच डॉक्टरांना फोन.