मावशीची तुतारी आणि १९६७ पासूनचा घोळ

आमची मावशी पिंपळगाव बसवंतला असते. वय ७४, गुडघे गेलेत, पण मतदान चुकवत नाही. २०२४ च्या लोकसभेला, २० मे ला, टळटळीत उन्हात रिक्षा करून गेली आणि आल्यावर शाईचं बोट दाखवत सगळ्यांना सांगत बसली की तुतारीला दिलं म्हणून. ४ जूनला निकाल आला तर दिंडोरीतून भास्कर भगरे निवडून आले, ते ठीक, पण त्याच आडनावाच्या एका अपक्षाने लाखाच्या वर मतं घेतलेली आणि त्याचंही चिन्ह तुतारीच. मी फोन केला, म्हटलं मावशी, तू बटण दाबलं तिथे तुतारी वाजवणारा माणूस होता का नुसती तुतारी? बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "माणूस होता का ते नाही बघितलं रे बाबा. तुतारी होती एवढं नक्की."

दोन दिवस घरात ह्याच्यावरून हसाहस झाली. नंतर मला मात्र राग यायला लागला आणि तो कोणावर काढायचा तेच कळेना. मावशीची काय चूक? पंचवीस वर्षं तिने घड्याळ ओळखलं, त्याच्या आधी पंजा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोगाने घड्याळ अजित पवार गटाला दिलं, शरद पवार गटाला तुतारी वाजवणारा माणूस मिळाला, आणि तीन महिन्यांत चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने मशीनवर बोटभर चित्रात माणूस शोधायचा. हे असं होऊ शकतं ह्याचं कारण पक्ष अख्खाच्या अख्खा उचलून नेता येतो, आणि तो नेता येतो ह्याचं कारण शोधायला गेलं की आपण थेट १९६७ ला जाऊन पोचतो.

आधीच सांगतो, मी मधला माणूस आहे. कधी ह्यांना मत दिलंय, कधी त्यांना, एकदा नोटाही दाबलाय आणि दाबून पस्तावलोय. गंगापूर रोडला रविवारी मिसळ खाताना एक टेबल मला भक्त म्हणतं, दुसरं टेबल काँग्रेसी म्हणतं, आणि मी दोघांनाही पाव पास करतो. तेव्हा खाली जे लिहिलंय ते कुठल्या एका पक्षावर नाही. यादी करायला बसलं की सगळेच येतात त्यात, हाच तर त्रास आहे.

तर १९६७. त्याच्याही थोडं आधी, कारण गोष्टीत नाशिक आहे. चीनच्या युद्धात नोव्हेंबर १९६२ ला नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला वगैरे आपण शाळेपासून ऐकत आलोय. त्यांना लोकसभेची जागा दिली ती नाशिकने. १९६३ ची पोटनिवडणूक, आणि ती बिनविरोध! आज नाशिकमध्ये सोसायटीचा चेअरमन बिनविरोध होत नाही.

पुढे हेच यशवंतराव गृहमंत्री झाले आणि तेव्हाच देशात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उड्या सुरू झाल्या. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसची बऱ्याच राज्यांत पकड सुटली, आघाड्यांची सरकारं आली, दोन-चार आमदार इकडचे तिकडे झाले की मुख्यमंत्री बदलायचा, त्यामुळे प्रत्येक आमदाराला भाव आला. हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने एका पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आया राम गया राम' हा शब्द तिथून आला, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते हे की ह्या प्रकारावर उपाय शोधायला जी समिती बसली तिचे अध्यक्ष यशवंतराव होते. १९६९ च्या सुरुवातीला अहवाल आला आणि त्यातले आकडे आजही वाचले की बरं वाटत नाही. आधीच्या दहा वर्षांत साधारण ५४२ पक्षांतरं, आणि १९६७ नंतरच्या एकाच वर्षात ४३८. सात राज्यांतले २१० पक्षांतर करणारे आमदार तपासले तर त्यातले ११६ जण, ज्या सरकारला आणायला त्यांनी उडी मारली त्याच सरकारात मंत्री झालेले. निम्म्याहून जास्त! म्हणजे 'विचार पटले नाहीत म्हणून गेलो' हे तेव्हाही खोटंच होतं आणि सरकारी कागदावर ते लिहूनही ठेवलेलं आहे.

समितीने सुचवलं ते साधं होतं: मंत्रिमंडळं आटोक्यात ठेवा आणि उडी मारणाऱ्याला लगेच मंत्रिपद देऊ नका. झालं काय? १९७३ ला एक घटनादुरुस्ती विधेयक आलं, लोकसभा विसर्जित झाली तसं तेही गेलं. १९७८ ला जनता पक्षाच्या राज्यात दुसरं आलं, मांडतानाच आरडाओरडा झाला, मागे घेतलं. ह्या बाबतीत दोन्ही बाजूंचं एकमत होतं म्हणायचं.

आणि ह्याच मधल्या काळात आपल्याकडे जुलै १९७८ ला वसंतदादांचं सरकार पाडून शरद पवार मुख्यमंत्री झाले, पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दल नावाच्या आघाडीचे. तेव्हा कायदाच नव्हता, त्यामुळे मोडायचा प्रश्न नव्हता. पाठीत खंजीर हा शब्द महाराष्ट्रात तेव्हापासून जो वापरात आहे तो अजून निवृत्त व्हायचं नाव घेत नाही. हरियाणात जानेवारी १९८० ला तर भजनलाल जनता पक्षाचं सरकारच्या सरकार घेऊन काँग्रेसमध्ये गेले, कारण दिल्लीत इंदिराबाई परत आल्या होत्या.

पक्षांतरबंदीचा कायदा झाला तो १९८५ ला. राजीव गांधींकडे चारशेच्या वर खासदार, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ५२ वी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत दोन दिवसांत मंजूर, घटनेला दहावं परिशिष्ट जोडलं. लोकांना बरं वाटलं. पण आत दोन गोष्टी होत्या आणि आपला आजचा सगळा मनस्ताप त्या दोन गोष्टींतून आलेला आहे.

पहिली म्हणजे आकड्याची सवलत. एकटा आमदार फुटला तर आमदारकी जाणार, पण पक्षाचे एक तृतीयांश एकदम फुटले तर ती 'फूट', ती चालेल, आणि दोन तृतीयांश दुसऱ्या पक्षात गेले तर ते 'विलीनीकरण', तेही चालेल. किरकोळीला बंदी आणि घाऊकला मुभा, हे मधू लिमयेंच्या नावावर सांगितलं जाणारं वाक्य. लासलगावच्या कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा की किरकोळ बंद आणि घाऊक चालू ठेवलं तर काय होईल, तो सांगेल की मग लोक माल गोळा करून आणतील. तेच झालं. १९९० ला चंद्रशेखर जनता दलाचा गट फोडून पंतप्रधान झाले. डिसेंबर १९९१ ला नागपूर अधिवेशनात छगन भुजबळ शिवसेनेच्या आमदारांचा गट घेऊन बाहेर पडले आणि काँग्रेसमध्ये गेले. सेनेचे तेव्हा ५२ आमदार, तिसरा हिस्सा धरला तर १८ डोकी लागत होती. भुजबळ तेव्हा मुंबईचे नेते, येवल्यातून ते २००४ पासून. १९९७ ला उत्तर प्रदेशात कल्याण सिंहांनी बसपा आणि काँग्रेसमधून फुटून आलेल्यांना सांभाळायला ९३ मंत्री केले. ९३! सभागृहात एवढे लोक झोपले तरी गर्दी वाटेल.

शेवटी २००३ ला वाजपेयींच्या काळात ९१ वी घटनादुरुस्ती आली, एक तृतीयांशची फट बुजवली, मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली, आणि पक्षांतराने अपात्र ठरलेल्याला मंत्रिपद नाही असंही घातलं. यशवंतरावांच्या समितीने १९६९ ला सांगितलेलं, ३४ वर्षांनी. आणि दोन तृतीयांशची फट तशीच ठेवली. म्हणजे घाऊक माल आता मोठ्या गाडीतून न्यावा लागतो एवढंच.

दुसरी गोष्ट व्हिप, म्हणजे सभागृहात मत कसं द्यायचं त्याचा पक्षाचा आदेश. ह्याबद्दल कोणी बोलत नाही पण मला जास्त चीड ह्याची आहे. कायद्याप्रमाणे पक्षाच्या आदेशाविरुद्ध मतदान केलं तरी खासदारकी जाऊ शकते, मग ते सरकार पडायचं मतदान असो की कुठलं साधं विधेयक. दिनेश गोस्वामी समितीने १९९० लाच सांगितलं होतं की ही तलवार फक्त विश्वास-अविश्वास ठरावापुरती ठेवा, बाकी वेळी माणसाला बोलू द्या. कोणी ऐकलं नाही, कारण कुठल्या हायकमांडला बोलणारा खासदार हवाय? म्हणजे जो उड्या मारणार तो गठ्ठ्याने मारतो आणि जो पक्षात राहून 'साहेब हे चुकतंय' म्हणणार त्याचाच गळा बांधलेला. शेती कायदे सप्टेंबर २०२० ला गडबडीत आले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला रद्द झाले तेही चर्चा न करता, काही मिनिटांत. बाजूने असाल की विरोधात, दोन्ही वेळा तुमच्या खासदाराला विचारलं कोणी?

आपल्याकडे कांद्याचं तर त्याहून सोपं आहे, ते सभागृहात जातच नाही. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरला पूर्ण निर्यातबंदी, मे २०२४ ला मतदानाच्या तोंडावर बंदी उठवली पण शुल्क राहिलं, शुल्क पूर्ण गेलं एप्रिल २०२५ ला. हे सगळं दिल्लीतून नोटिफिकेशन निघून. संध्याकाळी कागद निघतो आणि सकाळी लिलावात भाव कोसळलेला असतो. मावशीच्या दिराचा कांदा त्या डिसेंबरात बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरवर दोन दिवस उभा होता, हे मी डोळ्यांनी बघितलंय. दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार केंद्रात राज्यमंत्री होत्या, त्या २०२४ ला पडल्या. लोकांनी राग काढला, ठीक, पण नवीन खासदारानेही करायचं काय, पत्र लिहायचं आणि फोटो काढायचा.

आता २०२२ वर येतो, कारण तिथे सगळ्या फटी एकदम उघड्या पडल्या. त्याच्या आधी नोव्हेंबर २०१९ चा तो पहाटेचा शपथविधी, आम्ही चहा घेत टीव्ही लावला तर सरकार आलेलं, आणि चार दिवसांत गेलेलंही. मग ज्यांच्या विरोधात लढले त्यांच्याबरोबर सेनेचं सरकार. ज्याने युतीला मत दिलं तोही वेडा, ज्याने आघाडीला दिलं तोही वेडा. जून २०२२ ला एकनाथ शिंदेंबरोबर आमदार सुरत, गुवाहाटी, गोवा असा दौरा करून आले. नाशिक जिल्ह्यातले दादा भुसे आणि सुहास कांदे त्यात होते. आणि १६ आमदारांना अपात्रतेची नोटीस कोणी काढली? विधानसभा उपाध्यक्षांनी, कारण अध्यक्षपद तेव्हा सव्वा वर्षापेक्षा जास्त रिकामं होतं. उपाध्यक्ष म्हणजे आपल्या दिंडोरीचे नरहरी झिरवाळ. पुढच्याच वर्षी, २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, आणि झिरवाळ अजित पवारांबरोबर, म्हणजे शिंदेंच्याच सरकारच्या बाजूला. भुजबळांनी त्याच दिवशी मंत्रिपदाची शपथ घेतली. हे लिहिताना मलाच दोनदा तपासावं लागलं कोण कुठे आहे ते.

कायद्याची खरी गंमत निर्णय कोण देणार इथे आहे. अपात्रता ठरवतो तो विधानसभेचा अध्यक्ष, जो स्वतः कुठल्यातरी पक्षाच्या बहुमताने निवडून आलेला. १९९२ ला किहोटो होलोहान खटल्यात सुप्रीम कोर्टाने ३ विरुद्ध २ ने हे मान्य केलं, फक्त निर्णयाला कोर्टात आव्हान देता येईल म्हणाले. २०२० ला मणिपूरच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की तीन महिन्यांत निकाल लावा. आपल्याकडे? बंड जून २०२२ चं. ११ मे २०२३ ला घटनापीठ म्हणालं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते चूक, नंतर आलेल्या अध्यक्षांनी शिंदे गटाच्या नवीन प्रतोदाची, म्हणजे व्हिप काढणाऱ्याची, नेमणूक मान्य केली ती चूक, पण उद्धव ठाकरेंनी चाचणीआधीच राजीनामा दिला त्यामुळे त्यांना परत बसवता येत नाही, आणि अपात्रतेचं अध्यक्षांनी बघावं. अध्यक्षांनी बघितलं १० जानेवारी २०२४ ला. दोन्ही गटांपैकी कोणीच अपात्र नाही. फेब्रुवारीत राष्ट्रवादीचाही निकाल तोच, कोणीच नाही. दोन पक्ष फुटले, सरकार बदललं, चिन्हं बदलली, आणि पक्षांतर मात्र कोणीच केलेलं नाही! नोव्हेंबर २०२४ ला ती विधानसभाच संपली.

नोटा दाबून पस्तावलो म्हटलं त्याचं कारणही सांगून टाकतो. २०१३ ला कोर्टाच्या आदेशाने नोटा आला तेव्हा वाटलं चला, आपल्यासारख्यांची सोय झाली. पण लोकसभा-विधानसभेत नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी दुसऱ्या नंबरचा निवडून येतो. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा २७ हजारांवर मतं घेऊन दुसऱ्या नंबरला होता, काय फरक पडला? महाराष्ट्रात २०१८ पासून महापालिका वगैरे निवडणुकांना नोटा जिंकला तर फेरनिवडणूक असा नियम राज्य आयोगाने केला, तो चांगला. पण आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त प्रशासकच होता, निवडणूकच झाली नाही तोवर. वॉर्डातला खड्डा दाखवायला माणूसच नव्हता, फुटायला नगरसेवक तरी कुठून आणायचा.

नोव्हेंबरच्या विधानसभेच्या आदल्या दिवशी मावशीचाच फोन आला. निफाडची जागा आघाडीत मशालीकडे, म्हणजे उद्धव ठाकरेंच्या सेनेकडे गेलेली आणि समोर घड्याळ. तिने मतदानाची चिठ्ठी समोर घेतली होती बहुतेक, कागदाचा आवाज येत होता. "अरे, घड्याळ आहे की इथं. ते आपलंच ना?" मी म्हटलं मावशी, ते आता समोरच्यांचं. "आणि मशाल?" ती आपल्या बाजूची, म्हणजे तू लोकसभेला ज्यांना दिलंस त्यांच्या बाजूची. "पण मशाल म्हणजे बाळासाहेबांची ना, त्यांना आपण कधी दिलं?" मला पटकन उत्तर सुचेना. "बरं असू दे," ती म्हणाली, "सून येणारे बरोबर, ती वाचून दाखवेल नावं."