रानातली अळंबी आणि आमची ढिंगरी : ग्राहकांसाठी थोडी माहिती

आम्ही ढिंगरी (ऑयस्टर मशरूम) घरी उगवायच्या पेंढ्याच्या बॅगा विकतो. पाऊस सुरू झाला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ढिंगरीच्या ऑर्डरी कमी आणि रानातल्या अळंबीचे फोटो जास्त यायला लागतात. खाली एकच प्रश्न, दादा ही खायची की नाही? एकदाच लिहून ठेवतो म्हणजे परत परत टाइप करायला नको, आम्ही फोटो बघून "खा" असं कुणालाच सांगत नाही, अगदी जुन्या गिऱ्हाइकालाही नाही. भाव खातोय असं वाटून घेऊ नका, फोटो वरून काढलेला असतो आणि अळंबीची ओळख असते खाली.

आपल्याकडे कोकण-गोव्यात सगळ्यात जास्त मागणी वारुळाच्या अळंबीला, गोव्यात तिला रोयणीची अळमी म्हणतात. वाळवी वारुळात जी बुरशी पोसते तिलाच ही येते, त्यामुळे माणसाला तिची शेती अजून जमलेली नाही, आम्हालाही नाही (बॅग मिळेल का असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच). हिच्या टोपीला मधोमध टोक असतं, आणि दांडा जमिनीत शिरला की संपतच नाही, उंदराच्या शेपटीसारखा निमुळता होत होत खाली वाळवीच्या घरापर्यंत जातो. वरून ओढलीत तर शेपटी तुटून आत राहते आणि मोठा पुरावा तिथेच गेला, म्हणून काठीने बाजूची माती उकरून अख्खी काढा.

आता हिच्यासारखी वाटणारी, जिने लोकांना सगळ्यात जास्त फसवलंय ती क्लोरोफायलम. लॉनवर, परसात, शेणखत टाकलेल्या जागी येते, पांढरीशुभ्र, कधी कधी ताटलीएवढी, वर तपकिरी खवले, दांड्याला बांगडी आणि ती बांगडी चक्क वरखाली सरकते. शेपटी नाही. खाल्ली की साधारण १ ते ३ तासांत उलट्या-जुलाब सुरू, ते पण असे की सलाईन लावायची वेळ येते. कोवळी असताना हिचे छत्रीखालचे पडदे पांढरेच असतात, हिरवट नंतर होतात, म्हणून नुसते पडदे बघून "पांढरे आहेत, चालेल" म्हणू नका.

त्यासाठी एक सोपी गोष्ट करा. पूर्ण उघडलेली टोपी दांड्यापासून कापायची, अर्धा पांढरा अर्धा काळा कागद घ्यायचा, त्यावर टोपी पडदे खाली येतील अशी ठेवायची आणि वर वाटी झाकून रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी कागदावर पावडर पडलेली असते. मी पहिल्यांदा केलं तेव्हा बायकोला वाटलं मेंदी सांडली, तो हिरवट रंग क्लोरोफायलमचा. वारुळाच्या अळंबीची पावडर फिकट गुलाबीसर पडते. पण गुलाबी आली म्हणजे लगेच फोडणी टाका असं नाही हां, गुलाबी पावडरवाल्या दुसऱ्याही भरपूर आहेत.

तिसरी अमानिटा, हिच्यात जीवघेण्या विषारी जाती आहेत. दांड्याच्या बुडाला पातळ पिशवीसारखी वाटी असते, मातीत लपलेली, कापून आणली की ती मागेच राहते. भाताच्या पेंढ्यावरच्या खायच्या अळंबीलाही अशीच वाटी असते पण तिची पावडर गुलाबी, अमानिटाची पांढरी. परदेशात मुलं आहेत त्यांनी हे त्यांना जरूर सांगा, ऑस्ट्रेलियात कॅनबेराला ओकच्या झाडांखाली डेथ कॅप नावाची अमानिटा येते आणि २०११ च्या थर्टी फर्स्टच्या जेवणात ती खाऊन दोघं गेले. हिचं विष उकळून, तळून, वाळवून जात नाही.

विष ओळखायला चांदीचा चमचा काळा पडतो का, लसणाचा रंग बदलतो का, किड्यांनी खाल्लीय म्हणजे बरी, हे सगळं सोडून द्या. गोगलगाय जे पचवते ते आपल्याला पचेलच असं नाही.

आता आमच्या बॅगेबद्दल. ढिंगरीचा दांडा एका बाजूला असतो, पडदे दांड्यावर उतरत येतात, आणि ती झुबक्याने येते. पण पेंढा नीट निर्जंतुक झाला नसेल तर त्याच बॅगेतून बारीक लांब दांड्याच्या राखाडी टोप्या निघतात आणि एका दिवसात वितळून काळी शाई होतात. ती ढिंगरी नाही, उपटून टाका, आम्हाला कळवा, बॅग बदलून देऊ. आणि ढिंगरी काढायला उशीर करू नका, टोपीची कड वर वळायच्या आत काढा, नाहीतर बंद खोलीत तिची पावडर उडून खोकला लागतो.

चुकून काही खाल्लं गेलंच तर वाट बघत बसू नका, १०८ ला फोन करा. त्रास ६ तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू झाला तर जास्त गंभीर समजा, आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून घरी परत आणू नका, लिव्हर आतून जात असतं. उरलेली भाजी, कच्चे तुकडे, कचऱ्यातली सालं सुद्धा कागदात गुंडाळून डॉक्टरांकडे न्या, प्लास्टिकमध्ये ती सडतात.

बॅग संपली की तो पेंढा माडाच्या बुडात टाका, खत चांगलं होतं. पावसात त्यावर परत छत्र्या येतील, दिसतील ढिंगरीसारख्याच, पण उघड्यावर काय काय उगवतं त्याची गॅरंटी आम्ही देत नाही, त्या खाऊ नका आणि त्यांचे फोटो पण पाठवू नका.