एमएच-13 पासिंगची जुनी गाडी आणि ड्रॅगचा टायर

सोलापुरात एस्टीम, झेन, जुनी होंडा सिटी, क्वचित एखादी पद्मिनी अजून निगुतीने सांभाळलेली दिसते, आणि त्यांतल्या काही मालकांना ड्रॅगची, म्हणजे सरळ पट्टीवर पाव मैल पळवायच्या शर्यतीची हौस असते. टायरच्या दुकानात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: जास्तीत जास्त रुंद कुठला बसेल? ड्रॅगचा टायर ज्या वाटेने घडत गेला ती पाहिली, तर रुंदीचा प्रश्न बराच नंतर येतो. आधी रबर, मग साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत.

पाव मैल म्हणजे 402 मीटर. 1950 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना विमानतळावर रीतसर ड्रॅग शर्यती सुरू झाल्या आणि 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही संघटना काढली. इंजिनं दणकट होती, टायर मात्र रस्त्याचेच. म्हणून जुन्या टायरवर नक्षीशिवाय मऊ रबराचा सपाट थर चढवायची पद्धत पडली, म्हणजे सरळ रिमोल्डच. वेग वाढला की तो थर सुटून यायचा, कारण आतला सांगाडा त्या वेगासाठी बांधलेला नव्हता. पुणे महामार्गाच्या कडेला ट्रकच्या टायरचे पट्टे पडलेले असतात, त्यांतल्या बऱ्याच पट्ट्यांचं मूळ याच जातीचं. रिमोल्ड केलेला टायर ड्रॅगला आजही चालत नाही, मग तो कितीही मऊ असो.

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्समधल्या एम अँड एच कंपनीने सांगाड्यापासून वेगळा, फक्त ड्रॅगसाठीचा टायर बनवला. पुढच्या दशकात साइडवॉल मुद्दाम पातळ आणि लवचिक करण्यात आली. क्लच सुटताच रिम आधी फिरते, साइडवॉलला सुरकुत्या पडतात, झटका तिथे जिरतो आणि जमिनीला टेकलेला भाग लांब होतो. वेग वाढला की हाच टायर फुगून व्यासाने मोठा होतो, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात गिअरिंग आपोआप लांबतं. पकड रुंदीइतकीच त्या टेकलेल्या लांबीतून येते, हे तेव्हापासून उघड आहे.

आपल्याकडची गोष्ट निराळी. पद्मिनीला 5.20-14, अँबेसिडरला 5.90-15, दोन्ही ट्यूबवाले आणि बायस, म्हणजे एकमेकांना तिरपे छेदणाऱ्या थरांचे. दुकानात त्यांना सरळ ‘नायलॉन टायर’ म्हणत. भारतात जेके टायरने 1977 मध्ये रेडियल, म्हणजे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडव्या थरांचा टायर आणला. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली ती 12 इंची रिम घेऊन, आणि तिच्यामागून आलेल्या पिढीने 13 इंचाची सवय लावली. आजची खरी अडचण तिथेच आहे. अमेरिकेत नव्वदच्या दशकात बीएफगुडरिचसारख्या कंपन्यांनी रस्त्यावर चालणारे ड्रॅग रेडियल काढले, पण त्यांची मापं प्रामुख्याने 15 इंच आणि त्यावरची. त्यात 2009 च्या केंद्राच्या आदेशाने टायरना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं झालं आणि जून 2020 मध्ये टायरची आयात निर्बंधित यादीत गेली. म्हणून 13 इंची गाडीवाला बहुधा सेमी-स्लिकवर येऊन थांबतो. स्लिक म्हणजे नक्षी नसलेला मऊ टायर, सेमी-स्लिकला थोडीच नक्षी असते. आमच्या मते त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

कारण ही गाडी पुढच्या चाकांवर ओढते. एस्टीमचा व्हीलबेस 2365 मिमी. ड्रायव्हरसह वजन 950 किलो आणि गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच धरला, तर 0.5 जी (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या) त्वरणाला साधारण 100 किलो भार पुढून मागे सरकतो. म्हणजे जी चाकं ओढतात तीच हलकी होतात. अमेरिकी स्लिकची सगळी आखणी मागची चाकं ओढणाऱ्या गाडीसाठी झाली. तिथे हाच भार मदतीला येतो. पद्मिनीला तो फायदा आहे, पण तिच्या इंजिनाला स्लिकची गरज भासण्याची शक्यता कमी.

अस्सल बायस स्लिक मिळालाच तर मापं वाचायला शिका. 26.0/8.5-15 म्हणजे व्यास 26 इंच, रुंदी 8.5 इंच, रिम 15 इंच. आपल्या 175/70 R13 चा (रुंदी 175 मिमी, साइडवॉलची उंची तिच्या 70 टक्के, रिम 13 इंच) व्यास 575 मिमी येतो, 175/60 R13 चा 540. सुमारे 6 टक्के लहान, म्हणजे फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरचं शेवटचं गुणोत्तर) तेवढीच आखूड केल्यासारखं. सुटायला बरं, पण शेवटच्या रेषेच्या जरा आधी एक गिअर जास्त टाकावा लागला तर कमावलेलं तिथेच जातं. म्हणून रेषा कुठल्या गिअरमध्ये, किती आरपीएमला ओलांडली जाते ते आधी काढा. लोड इंडेक्सही पाहा: 82 म्हणजे एका टायरला 475 किलो, 77 म्हणजे 412. रिम उसनी आणताना पीसीडी, म्हणजे बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिमीमधला व्यास तपासा. 800 ची 4×114.3, जुन्या सिटीची 4×100. छिद्रं ओढूनताणून जुळवलेली रिम ड्रॅगला कोणी लावू नये.

एका एक्सलवर बायस आणि दुसऱ्यावर रेडियल ही जोडी टाळलेली बरी. दोघांच्या साइडवॉल वेगळ्या पद्धतीने झुकतात आणि वेगात गाडी लोळते. बायस क्लचचा झटका सोसतो, जरा घसरला तरी पुन्हा पकडतो. रेडियल एकदा सुटला की पाय काढल्याशिवाय सहसा सावरत नाही, मात्र तो कमी शक्ती खातो. आणि पकड वाढली की झटका पुढे सरकतो: आधी क्लच, मग ड्राइव्हशाफ्टचा सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी ते फिरवणारा सांधा). जुन्या गाडीत त्यावरचा रबरी बूट फाटलेला असेल तर टायरच्या आधी तो बदला.

हवेचा हिशोब सोलापुरात वेगळा ठेवावा लागतो. 32 पीएसआयला तापमान 10 अंशांनी वाढलं की सुमारे दीड पीएसआय चढतो. मे महिन्याच्या दुपारी सावलीतल्या आणि उन्हातल्या चाकात एवढा फरक सहज पडतो, म्हणून चारही चाकं एकाच सावलीत ठेवून मोजा. सेमी-स्लिकला पुढे 24 पासून सुरुवात करून एकेक पीएसआय कमी करत जा. मधला पट्टा आणि दोन्ही कडा सारख्या झिजल्या की थांबा. फार उतरवलं तर रिमवरून टायर सरकतो. रिम आणि टायरवर खडूची एक रेघ ओढली की ते लगेच कळतं. मागे 38–40 ठेवा, टायर फिरण्याला होणारा विरोध घटतो. पहिल्या 60 फुटांत वाचलेला 0.1 सेकंद शेवटी 0.15 ते 0.2 होऊन परततो, म्हणून नोंद 60 फुटांचीच ठेवा.

नक्षीवाल्या टायरने पाण्यात बर्नआउट करू नये, म्हणजे चाकं जागेवर फिरवू नयेत. खाचांतलं पाणी सुरुवातीच्या रेषेवर गळतं. कोरड्यावर दोन-तीन सेकंद, धूळ झटकण्यापुरतं. जास्त जाळलं तर रबरातलं तेल वर येऊन टायर बुळबुळीत होतो.

जुना साठा घेताना साइडवॉलवरचे चार आकडे पाहा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. पत्र्याच्या शेडमध्ये दोन उन्हाळे काढलेलं मऊ कंपाऊंड नखाला कडक लागतं, मग नक्षी कितीही शाबूत असो. घरी ठेवायचे तर काळ्या पिशवीत, सावलीत, इन्व्हर्टर आणि वेल्डिंगपासून लांब. ओझोन रबराला तडे पाडतो.

स्लिक रस्त्यावर चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 94 नुसार कारच्या टायरला किमान 1.6 मिमी खोल नक्षी लागते, आणि रस्त्यावरची शर्यत कलम 189 खाली गुन्हा आहे. सोलापुरात ड्रॅगची पट्टी नाही; ‘व्हॅली रन’ भरते ती लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर. तिथवर 300 किलोमीटरहून जास्त जायचं ते रस्त्याच्या टायरवर. शर्यतीचे दोन मागच्या सीटवर, सोबत जॅक, टॉर्क रेंच आणि स्वतःचा प्रेशर गेज. पंपावरच्या गेजवर एक पीएसआयचा भरवसा धरता येत नाही.